कहाणी आपली, चित्रेही आपली, पुस्तक मात्र दुसऱ्याच्या मुलाचे : रावबहादूर धुरंधर आणि १९१४ सालचे एक बालपुस्तक

१/
यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी हे वाघाडी नदीच्या काठचे, कापसाच्या मुलखातले तालुक्याचे गाव. श्रावण लागला की विदर्भातल्या इतर गावांप्रमाणे इथल्याही कित्येक घरांत सोमवारची, शुक्रवारची, नागपंचमीची कहाणी वाचली जाते. आजी एक पातळशी, स्वस्तातली पोथी समोर धरते आणि मुले मुठीत अक्षता घेऊन भोवती बसतात. आटपाट नगर, तिथला राजा, आवडती आणि नावडती राणी, माहेर नसलेली धाकटी सून हे सारे मुलांना मनातच रंगवावे लागते. पोथीत चित्र असलेच तर देवतेचे एखादे धुरकट चित्र.

मित्रहो, आजच्या थ्रेडचा विषय याच कहाण्यांचे एक रंगीत चित्रपुस्तक आणि त्याचा चित्रकार हा आहे. ते पुस्तक कधी निघाले, चित्रे कोणी काढली आणि मुख्य म्हणजे ते कोणत्या मुलासाठी निघाले, हे क्रमाने पाहू.

२/
वर्ष १९१४. लंडनच्या मॅकमिलन कंपनीने ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. लेखक चार्ल्स ऑगस्टस किंकेड, मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी. पुस्तकातील गोष्टी म्हणजे आपल्या व्रतांच्या कहाण्या, मराठीतून इंग्रजीत आणलेल्या. चित्रकार म्हणून नाव होते एम. व्ही. धुरंधर.

हे धुरंधर म्हणजे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील नामवंत अध्यापक महादेव विश्वनाथ धुरंधर. मोठी तैलचित्रे, ऐतिहासिक प्रसंग आणि संस्थानिकांसाठी केलेली कामे यांमुळे त्यांचे नाव आज कलेतिहासात आदराने घेतले जाते. मुलांच्या पुस्तकाचा चित्रकार ही त्यांची ओळख मात्र बरीचशी मागे पडली आहे.

३/
धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात, एका पाठारे प्रभू कुटुंबात झाला. त्या काळचे कोल्हापूर हे चित्रकलेला पोषक असे संस्थान होते. आबालाल रहिमान यांच्यासारखा विलक्षण ताकदीचा चित्रकार याच नगरीतला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे तर मात्र मुंबई गाठण्यावाचून इलाज नव्हता.

१८९० साली धुरंधर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेव्हा जॉन ग्रिफिथ्स हे शाळेचे प्रमुख होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांच्या साहाय्याने करवून घेणारे ते हेच ग्रिफिथ्स. तरुण धुरंधरांच्या अंगची तयारी त्यांनी ओळखली. १८९६ च्या सुमारास धुरंधर त्याच शाळेत शिक्षक झाले आणि पुढे १९३१ पर्यंत त्याच वास्तूत राहिले. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून ही एकेचाळीस वर्षे झाली. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच मुळी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे आहे.

४/
जे. जे. मधील शिक्षण ब्रिटिश पद्धतीचे होते. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग जिवंत माणसावरून, मग रंग. छायाप्रकाश, शरीररचना आणि यथार्थदर्शन यांवर सारा भर. धुरंधरांनी ही शिस्त पुरती आत्मसात केली आणि ती लावली ती आपल्या घरादाराच्या विषयांना.

१८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. ज्या चित्राला ते मिळाले त्याचा विषय घरगुती आहे. घरी येणाऱ्या लक्ष्मीला ‘आलीस का?’ म्हणून विचारण्याचा तो प्रसंग. विलायती तंत्राने रंगविलेले ते मराठी घर होते. कहाण्यांच्या चित्रांची पूर्वतयारी ती हीच, असे मागे वळून पाहताना म्हणता येते.

५/
धुरंधरांचा हात अतिशय जलद होता आणि नजर त्याहून जलद. रस्त्यावरची, बाजारातली, देवळातली माणसे ते सतत टिपत. लुगडे कोणत्या तऱ्हेने नेसले आहे, पागोट्याचा घाट कोणता, नथीचा आकडा केवढा, घागर डोक्यावर आहे की कमरेवर, यावरून माणूस कोणत्या थरातला आणि कोणत्या प्रांतातला हे त्यांच्या चित्रात ओळखू येई.

ही हातोटी छापखान्यांच्या फार उपयोगाची होती. मुंबईतील जीवनावरची त्यांची चित्रे पोस्टकार्डांवर छापली गेली आणि दूरवर पोहोचली. १९१२ साली एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकासाठी त्यांनी चित्रे काढली. १९२० साली ओटो रॉथफेल्ड यांचे ‘विमेन ऑफ इंडिया’ निघाले, त्यात धुरंधरांची ४८ रंगीत चित्रे आहेत. या दोन पुस्तकांच्या मधोमध १९१४ चे कहाण्यांचे पुस्तक येते.

६/
इथे थोडे थांबून, त्या काळी रंगीत चित्र पुस्तकात उतरे तरी कसे, ते समजून घेऊ. कारण या कथेचा पेच त्यातच आहे.

एकोणिसाव्या शतकातील आपल्याकडची बहुतेक पुस्तकांतली चित्रे लाकडी ठशांची किंवा शिळाछापाची असत. लाकडी ठसा कोरणारा कारागीर वेगळा असल्याने चित्रकाराची रेघ त्याच्या हातून बदलून जाई. शतकाच्या अखेरीस हाफटोन आला. चित्राचा फोटो बारीक जाळीतून घ्यायचा, म्हणजे त्याचे लहानमोठे ठिपके होतात, आणि त्या ठिपक्यांचा धातूचा ठसा, म्हणजे ब्लॉक, तयार करायचा. एकच चित्र वेगवेगळ्या रंगकाचांतून तीनदा टिपले की पिवळ्या, तांबड्या आणि निळ्या शाईसाठी तीन ब्लॉक मिळतात. तिन्ही एकावर एक बिनचूक बसले की मूळ जलरंगाचा भास होतो. आपल्या जुन्या मासिकांतून ज्याचा ‘तिरंगी चित्र’ म्हणून उल्लेख होई, ते हेच.

ब्लॉक महाग, गुळगुळीत कागद महाग, छपाईत काटेकोरपणा हवा. केसभर जरी ब्लॉक सरकला तरी नायिकेचे ओठ गालावर जात. म्हणून अशी चित्रे मजकुरापासून वेगळी छापून मग पुस्तकात बांधली जात. एवढा खर्च पेलणारा प्रकाशक आणि तेवढी किंमत मोजणारा वाचक, दोन्ही हवेत.

७/
आता लेखकाकडे वळू. किंकेड (१८७० ते १९५४) हे इतर पुष्कळ इंग्रज अंमलदारांपेक्षा वेगळे गृहस्थ होते. मराठी भाषा आणि मराठ्यांचा इतिहास यांचा त्यांना मनापासून ओढा होता. द. ब. पारसनीस यांच्यासह त्यांनी ‘अ हिस्टरी ऑफ द मराठा पीपल’ हा तीन खंडांचा इतिहास लिहिला. इतिहासाचे अभ्यासक त्यांना ओळखतात ते त्या ग्रंथामुळे.

कहाण्यांची भाषांतरे त्यांनी प्रथम ‘टाइम्स ऑफ इंडिया’त प्रसिद्ध केली आणि मग त्यांचे पुस्तक केले. पुस्तक अर्पण केले आहे त्यांच्या लहान मुलाला, डेनिसला. त्याला या गोष्टी आवडल्या, म्हणूनच त्या लोकांपुढे आणाव्यात असे वाटले, असा अर्पणपत्रिकेचा आशय आहे.

८/
पुस्तकात रविवारपासून शनिवारपर्यंत वारांच्या कहाण्या आहेत. पुढे महालक्ष्मी आणि दोन राण्या, नागोबा आणि धाकटी सून, सोमा परटीण, दिव्यांची अवस आणि राजाची सून अशा एकेक कहाण्या येतात. ‘आटपाट’ हे नगराचे नाव किंकेडांनी तसेच ठेवले आहे. ज्या मराठी मुलाने या कहाण्या ऐकल्या आहेत, त्याला इंग्रजीचा पडदा असूनही त्या लगेच ओळखू येतील.

प्रस्तावनेत किंकेड एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतात. भाषांतर शक्य तितके शब्दशः ठेवले, पण इंग्रज वाचकाला कंटाळा येऊ नये म्हणून पूजाविधींची वर्णने काही ठिकाणी आखडती घेतली, आणि दोन भाषांची अभिरुची निराळी असल्याने क्वचित अर्थातही थोडा बदल केला. कहाणी ही व्रताची असते. विधी हा तिचा कणा आणि गोष्ट ही त्यावरची पालवी. इंग्रज मुलाच्या हाती ती जाताना कणा लवचीक झाला आणि पालवी उरली. व्रतकथेची ‘नर्सरी टेल’ झाली ती अशी.

९/
याच सुमारास युरोपात सचित्र बालपुस्तकांचा बहर होता. आर्थर रॅकम आणि एडमंड ड्यूलॅक यांच्या तिरंगी चित्रांची देखणी पुस्तके नाताळात भेट म्हणून दिली जात. मॅकमिलनने १९१२ साली लालबिहारी डे यांच्या बंगाली लोककथांची अशीच आवृत्ती काढली. त्यातली चित्रे वॉरविक गोबल या इंग्रज चित्रकाराची. ती चित्रे नाजूक आणि मोहक आहेत, पण बंगालच्या गोष्टींवर परक्या स्वप्नाचा तलम पडदा टाकणारी आहेत.

दोनच वर्षांनी त्याच प्रकाशनसंस्थेने दख्खनच्या कहाण्या काढल्या, तेव्हा चित्रे काढणारा हात त्याच मातीतला होता. ही बाब लहान नाही. ज्या काळात ‘पूर्वेकडची गोष्ट’ म्हटली की चित्रकार लंडनमध्ये बसून कल्पनेने पूर्व रंगवी, त्या काळात गिरगाव-भुलेश्वरच्या गल्ल्यांतून रोज वावरणाऱ्या एका माणसाने ती रंगविली.

१०/
धुरंधरांपाशी असे काय होते जे परदेशी चित्रकारापाशी असणे शक्य नव्हते? ओळख. पाटावर बसलेली बाई वाकून कशी नमस्कार करते, पदर कोणत्या क्षणी डोक्यावर ओढला जातो, तांब्या कसा धरतात, जोगवा मागणारी स्त्री उंबऱ्याच्या किती अलीकडे थांबते, हे पुस्तकात वाचून कळत नाही. लहानपणापासून पाहिलेले असावे लागते. कहाणीतला देव बैराग्याच्या किंवा म्हाताऱ्याच्या रूपाने दारी येतो. अशा वेळी चित्रातले दार खरे मराठी दार असेल तरच देवाचे येणे खरे वाटते.

तंत्र मात्र जे. जे. चे होते, घडीव देह आणि मापात बसविलेल्या छायाप्रकाशाचे. राजे आणि राण्या थोड्या नाटकी, राजा रविवर्म्याच्या चित्रांशी नाते सांगणाऱ्या. पुढच्या पिढीच्या कलासमीक्षकांना हे ‘विलायती’ वाटले आणि बंगाली संप्रदायाच्या तुलनेत धुरंधरांकडे काहीसे दुर्लक्षही झाले. पण मुलाच्या नजरेने पाहिले तर या चित्रांचे मोल वेगळे आहे. त्यांत गोष्ट स्पष्ट दिसते, माणसे ओळखू येतात.

११/
आता या कथेतला सल. कहाण्या मराठी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगून जतन केलेल्या. चित्रकार मराठी. पुस्तक मात्र इंग्रजीत, छापले लंडनच्या प्रकाशकाने, आणि अर्पण केले इंग्रज मुलाला. ज्या मुलांच्या आज्यांनी या गोष्टी सांभाळल्या, त्यांच्यातल्या बहुतेकांना ते वाचता येण्याजोगे नव्हते आणि विकत घेण्याजोगे तर नव्हतेच.

१९१४ सालच्या घाटंजीचा विचार करा. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. पूर्वीच्या वणी जिल्ह्याचे नाव बदलून यवतमाळ जिल्हा झाले त्याला जेमतेम नऊ वर्षे झाली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळांची गाडी आली होती, ती मुख्यतः कापसासाठी. इथला कापूस मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि पुढे विलायतेला जाई. तिथे त्याचे कापड होई आणि ते विकायला परत इकडे येई. कहाणीचा प्रवास फार निराळा नव्हता. फरक इतकाच की कापड निदान बाजारात परत येई, पुस्तक तेवढेही आले नाही.

१२/
हे अटळ होते काय? शेजारच्या बंगालकडे पाहिले तर तसे म्हणवत नाही. १९०७ साली दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांचे ‘ठाकुरमार झुली’, म्हणजे आजीची पोतडी, प्रसिद्ध झाले. गावोगाव हिंडून म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांनी बंगालीतच लिहिल्या, चित्रेही स्वतः काढली आणि प्रस्तावना लिहिली रवींद्रनाथ ठाकुरांनी. बंगाली मुलाच्या हाती आपल्या आजीची गोष्ट आपल्या भाषेत, चित्रांसकट आली.

त्याच कोलकात्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरी हाफटोनच्या तंत्रावर स्वतः प्रयोग करीत होते. त्यांचे त्या विषयावरचे लेख इंग्लंडच्या मुद्रणविषयक वार्षिकात छापले जात. लेखक तेच, चित्रकार तेच, ब्लॉक करणारे तेच, छापखानाही त्यांचाच. १९१३ साली त्यांनी ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले. सत्यजित राय हे त्यांचे नातू, हे बहुतेकांना ठाऊक असेलच.

१३/
महाराष्ट्रात काहीच नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक सुरू केले आणि दीर्घकाळ एकहाती चालविले. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ काढला. कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक देऊन सचित्र मासिकांची हौस वाढविली, पण ती मोठ्यांची. १९१६ साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांनी स्वतः रंगविलेले ‘चित्ररामायण’ पुस्तकरूपाने आले. मात्र त्यामागे राजाची हौस आणि राजाचाच खजिना होता.

म्हणजे लेखक होते, संपादक होते, चित्रकार तर उत्तम होते. नव्हती ती त्यांना एकत्र आणणारी व्यवस्था: मुलांसाठी रंगीत ब्लॉकचा खर्च करू धजणारा प्रकाशक, आणि दिवाळीच्या फराळासारखे पुस्तकही मुलासाठी घ्यावे असे मानणारा मध्यमवर्ग.

१४/
काही वाचक म्हणतील, धुरंधरांनी इंग्रजांसाठीच का काम केले? हा प्रश्न त्यांच्यावर रोखणे मला योग्य वाटत नाही. ते सरकारी कलाशाळेचे नोकर होते. पुस्तकाच्या चित्रांचा मोबदला देणारे बहुधा इंग्रज लेखक आणि त्यांचे प्रकाशकच होते. काम आले, ते त्यांनी मनःपूर्वक केले, आणि करताना आपली माणसे खोटी होऊ दिली नाहीत. शीर्षकपृष्ठावर लेखकाबरोबर त्यांचे नाव छापले गेले, हाही त्या काळातला मान होता.

इतिहासाचा धडा व्यक्तीच्या दोषापेक्षा मोठा आहे. चित्र कोणाच्या हातून उतरते यापेक्षा ब्लॉकचे पैसे कोण भरतो, यावर ते कोणत्या मुलाच्या हाती पडेल हे ठरते.

१५/
धुरंधरांची पुढील कारकीर्द थोडक्यात. ते रावबहादूर झाले. नवी दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रांच्या कामात त्यांचा सहभाग होता. औंधच्या संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत. १९३० साली काही काळ त्यांनी जे. जे. च्या संचालकपदाची धुरा सांभाळली. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले.

१९४० साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, ते मराठीत. आयुष्यभर ज्यांची चित्रे इंग्रजी पुस्तकांची शोभा होती, त्या चित्रकाराने स्वतःची हकीकत सांगायला घरची भाषा निवडली. १ जून १९४४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या अंबिका (१९१२ ते २००९) स्वतः जे. जे. मध्ये शिकलेली चित्रकार. वडिलांचा कलावारसा तिने खारच्या ‘अंबासदन’मध्ये निष्ठेने जपला. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, तेव्हा नव्या पिढीला त्यांचा आवाका प्रथमच दिसला.

१६/
आणि ज्या मुलाला ते पुस्तक अर्पण केले होते, त्याचे काय झाले? डेनिस किंकेड मोठा होऊन वडिलांप्रमाणेच सनदी सेवेत आला. लहानपणी दख्खनच्या कहाण्या ऐकलेल्या या मुलाने पुढे शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले. ‘द ग्रँड रिबेल’ हे त्याचे नाव. १९३७ साली कारवारजवळ समुद्रात बुडून त्याचा अंत झाला. तेव्हा तो बत्तिशीच्या आसपास होता.

बालपणी हाती आलेले सचित्र पुस्तक माणसाला कुठवर नेऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. मनात येते ते एवढेच, की असे पुस्तक त्याच वर्षी एखाद्या वऱ्हाडी मुलाच्या हाती पडते तर?

१७/
मराठी मुलाची ही उणीव हळूहळू भरत गेली. १९१६ साली मडगावात जन्मलेले दीनानाथ दलाल आणि त्यांचे समकालीन रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्याने मराठी मुखपृष्ठे घराघरांत पोहोचली. १९५२ पासून मद्रासहून येणारा मराठी ‘चांदोबा’ तालुक्यातालुक्यांत वाचला जाऊ लागला.

आणि १९७१ साली पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे बालभारतीने, ‘किशोर’ मासिक सुरू केले. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, घाटंजीच्याच जिल्ह्यातल्या, पुसद तालुक्यातील गहुलीचे. आता ब्लॉकचा खर्च मराठी राज्य करीत होते. मुंबई-पुण्याचे चित्रकार आणि खेड्यातली शाळा यांच्यात अल्प किमतीचा एक पूल बांधला गेला. त्यानंतर माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकाराने मराठी घर, मराठी स्वयंपाकघर आणि आजी-नातवंडे इतक्या सहजतेने चित्रपुस्तकात आणली, की या मुलांना स्वतःला ओळखण्यासाठी इंग्रजीच्या दारातून यावे लागले नाही.

१८/
किंकेडांच्या पुस्तकातली सोमवारची कहाणी तुम्हांला ठाऊक आहे. राजाला शिवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. तो दवंडी पिटवतो, सगळ्या गावाचे दूध देवळात येते. घरोघरी मुले आणि वासरे उपाशी राहतात, तरी गाभारा भरत नाही. शेवटी एक म्हातारी येते. तिने आधी घरातल्यांना आणि वासरांना पाजलेले असते आणि उरलेले खुलभर दूध घेऊन ती आलेली असते. ते ओतताच गाभारा भरतो.

धुरंधरांच्या पुस्तकाविषयी वाचताना मला ही कहाणी वारंवार आठवली. १९१४ साली आपले दूध दूरच्या गाभाऱ्यात गेले. ते उत्तम होते, त्याचा गौरवही झाला. घरची मुले मात्र राहून गेली.

१९/
हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. घाटंजी परिसरात आज मराठीबरोबर बंजारा तांड्यांवर गोरमाटी आणि कोलाम पोडांवर कोलामी बोलली जाते. त्या भाषांतही आज्या आहेत आणि त्यांच्याही गोष्टी आहेत. त्या गोष्टी अभ्यासक लिहून घेतात, इंग्रजीत किंवा मराठीत छापतात. त्या नोंदी व्हायलाच हव्यात. पण पुस्तक कोणाला अर्पण आहे आणि कोणत्या मुलाला वाचता येणार आहे, हा १९१४ चा प्रश्न तिथेही विचारावा लागेल. शंभर वर्षांपूर्वी लंडन आणि वऱ्हाड यांच्यात जे अंतर होते, ते आज मराठी शाळा आणि कोलाम पोड यांच्यात राहू नये.

२०/
शेवटी एक करता येण्याजोगी गोष्ट. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या कामावरचा हक्क संपतो. धुरंधरांच्या चित्रांची ती मुदत २००४ अखेर संपली. कहाण्या तर कधीच कोणा एकाच्या मालकीच्या नव्हत्या. ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते.

म्हणजे आता कोणीही धुरंधरांची चित्रे घेऊन त्यांच्याशेजारी किंकेडांच्या इंग्रजीऐवजी मूळ मराठी कहाणी छापू शकतो. विधींची गाळलेली वर्णने परत घालू शकतो. घाटंजीच्या एखाद्या शाळेला हे श्रावणातला उपक्रम म्हणूनही करता येईल: मुलांनी आजीची कहाणी लिहून आणावी आणि शेजारी धुरंधरांचे चित्र लावावे, जिथे चित्र नसेल तिथे आपले स्वतःचे काढावे. अर्पणपत्रिकेवर कोणाचे नाव घालायचे, ते मुलांनीच ठरवावे.